उशिरा तापणारं इंजिन

मित्रांनो, न्यूटन, वॅट, पास्कल, केल्विन ही मंडळी आपल्या पुस्तकांत एककं होऊन बसली आहेत. निदान ती माणसं होती एवढं तरी आपल्याला ठाऊक असतं. पण एक नाव असं आहे की ते पेट्रोल पंपावर, एसटी डेपोत, गावाकडच्या विहिरीवर, जिथे तिथे दिसतं आणि ते कुणा माणसाचं आडनाव आहे हे डोक्यातही येत नाही. डिझेल! फर्स्ट इयरच्या चार मुलांना मी सहज विचारलं, तर तिघांनी सांगितलं की डिझेल म्हणजे तेलाचा प्रकार. चौथा इलेक्ट्रॉनिक्सचा होता, तो नुसता हसला.

म्हणून म्हटलं, या अंकात रुडॉल्फ डिझेलवर लिहावं. लिहायला आणखीही एक कारण आहे. थंडीच्या दिवसांत डिझेल गाडी पेट्रोल गाडीपेक्षा उशिरा तापते, हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. का तापत नाही विचारलं, तर उत्तरं मात्र वाटेल ती मिळतात. कोणी म्हणतं इंजिन जड असतं, कोणी म्हणतं तेल जाड असतं. यातलं थोडं थोडं खरंही आहे. पण मुख्य कारण शोधायला गेलं की आपण थेट या माणसाच्या आयुष्यात जाऊन पोहोचतो. कारण इंजिनानं उष्णता वाया घालवू नये, या एकाच हट्टापायी त्याने उभं आयुष्य वेचलं.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताचीच. रुडॉल्फ बारा वर्षांचा असताना, १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे सगळ्यांचं भागेना, म्हणून आईवडिलांनी या बारा वर्षांच्या पोराला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवून दिलं. तिथले काका गणित शिकवायचे. आपण हॉस्टेलवर येताना अठरा वर्षांचे असतो, तरी पहिले आठ दिवस घरची आठवण काढत काढतो. हा मुलगा बाराव्या वर्षी एकटा, युद्धाच्या धामधुमीत निघाला होता. पण चौदाव्या वर्षी त्याने घरी कळवून टाकलं की मी इंजिनिअर होणार.

ऑग्सबर्गच्या शाळेत एक गंमतीचं उपकरण होतं. काचेची नळी, त्यात घट्ट बसणारा दट्ट्या, आणि तळाशी चटकन पेट घेईल असा तुकडा. दट्ट्या जोरात आत दाबला की तुकडा पेट घ्यायचा. ना काडी, ना ठिणगी. सायकलचा पंप जोरात मारला की खालचा भाग गरम लागतो ना, तोच प्रकार, फक्त जास्त जोरात. हवा झटकन दाबली की तापते, एवढंच त्याचं शास्त्र. डिझेल इंजिनाचं सगळं मर्म याच खेळण्यात आहे.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले. रेफ्रिजरेशनच्या पुस्तकात लिंडे सायकल वाचली असेल, तेच हे लिंडे. त्यांच्या लेक्चरमध्ये एक दिवस आकडा आला की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावतं. बाकी सगळी उष्णता धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाते. वर्गातल्या बाकीच्यांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला असेल आणि परीक्षेत लिहिला असेल. डिझेलने मात्र वहीच्या कडेला नोंद करून ठेवली की कार्नोच्या आदर्श इंजिनाजवळ जाता येतं का ते बघायचं. मित्रांनो, आपण लेक्चरला वहीच्या कडेला काय काय काढत असतो ते आठवा जरा!

१८७९ च्या उन्हाळ्यात अंतिम परीक्षा आली आणि नेमका त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. पुढची परीक्षा होईपर्यंत हा गडी स्वित्झर्लंडला विंटरथूरच्या सुल्झर कारखान्यात जाऊन काम शिकला आणि जानेवारी १८८० मध्ये उत्तम गुणांनी पास झाला. आपल्याकडे सहा महिने गेले की मुलं खचून जातात. त्याने त्याच सहा महिन्यांत वर्कशॉप करून घेतलं.

आता गंमत बघा. ज्याचं नाव उष्णतेशी कायमचं जोडलं गेलं, त्याची पहिली नोकरी बर्फाच्या कारखान्यातली होती! लिंडे यांच्या बर्फयंत्रांचं काम पाहायला तो पॅरिसला गेला आणि वर्षभरात तिथला प्रमुख झाला. स्वच्छ, पारदर्शक बर्फ तयार करण्याच्या पद्धतीवर त्याने १८८१ मध्ये पेटंटही घेतलं. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा बर्फ विकायचा आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा विचार करायचा असा त्याचा क्रम होता. पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करण्यात त्याने कित्येक वर्षं घालवली. ते काही जमलं नाही. पण त्यातून त्याच्या लक्षात आलं की वाफ वगैरे मधला दलाल हवाच कशाला? सिलिंडरमध्ये हवाच इतकी दाबायची की ती स्वतः लाल होण्याइतकी तापेल, आणि त्यात थोडं थोडं इंधन सोडायचं.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी त्याचं उष्णता इंजिनावरचं पुस्तक छापून आलं. त्यातला एक मुद्दा आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. डिझेलचं म्हणणं होतं की उष्णता नीट वापरली तर या इंजिनाला थंड करायची गरजच पडणार नाही. म्हणजे रेडिएटर नको, पाणी नको, काही नको! कागदावर त्याची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या पुढे जात होती. कागदावर सगळ्यांचीच जाते म्हणा.

ऑग्सबर्गच्या मशीन कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी प्रयोगाला जागा आणि पैसा दिला, कृप कंपनीही सामील झाली. १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंजिन तेव्हा कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवत होते. इंधन आत गेलं, पेटलं, आणि दाब इतका चढला की वर बसवलेल्या इंडिकेटरच्या ठिकऱ्या उडाल्या. जवळ उभा असलेला डिझेल थोडक्यात बचावला. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळून बर्फाच्या कारखान्यात परत गेला असता. याला मात्र आनंद झाला, कारण नुसत्या दाबाने इंधन पेटतं हे सिद्ध झालं होतं.

१७ फेब्रुवारी १८९४ ला पुन्हा चाचणी. लिंडर नावाचा मेकॅनिक इंजिनाजवळ उभा होता. त्याच्या एकदम लक्षात आलं की पट्टा इंजिनाला ओढत नाहीये, इंजिनच पट्ट्याला ओढतंय. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. त्या दिवशी इंजिन मिनिटभर स्वतःच्या जोरावर फिरलं, ८८ फेरे. काम काहीच करत नव्हतं, नुसतं आयडलिंग. पण ते जगातलं पहिलं डिझेल आयडलिंग होतं.

त्यानंतर तीन वर्षं गेली. समान तापमानाचं ज्वलन सोडून द्यावं लागलं, दाब कमी करावा लागला, आणि ज्याची गरज नाही असं वाटलं होतं ते पाण्याचं जॅकेटही बसवावं लागलं. सिद्धांताचा एकेक हट्ट लोखंडाने मोडून काढला. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकच्या प्रा. मोरिट्झ श्रोटर यांनी रीतसर चाचणी घेतली. एकच सिलिंडर, व्यास २५० मिलिमीटर, स्ट्रोक ४०० मिलिमीटर, ताकद वीस अश्वशक्तीच्या आत. आणि कार्यक्षमता २६.२ टक्के! सत्तर नव्हे, पण वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त.

आता थर्मलच्या जर्नलमधली हीट बॅलन्स शीट काढा. इंधनातून आलेली उष्णता चार रकान्यांत वाटलेली असते: कामात किती गेली, थंड पाण्यात किती, एक्झॉस्टमध्ये किती आणि हिशोबात न लागणारी किती. (शेवटच्या रकान्यात आपण आकडे कसे बसवतो ते सरांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.) डिझेलने काय केलं, तर पहिला रकाना वाढवला. मग बाकीचे रकाने आपोआप कमी झाले. आणि इंजिन तापतं ते कशावर? दुसऱ्या रकान्यावर! जी उष्णता वाया जाते तिच्यावरच ब्लॉक, पाणी आणि ऑइल गरम होतं. म्हणजे डिझेल गाडी उशिरा तापते तो तिचा दोष नाही, तो तिच्या कंजूषपणाचा पुरावा आहे.

आयडलिंगला तर हा फरक फारच जाणवतो. साध्या पेट्रोल इंजिनात थ्रॉटल असतो, हवा कमी तर इंधन कमी, प्रमाण साधारण १४.७ ला १. डिझेलमध्ये थ्रॉटलने हवा अडवून ताकद कमी करत नाहीत. हवा पूर्ण येते, इंधन मात्र चिमूटभर. समजा गाडी उभ्या उभ्या तासाला अर्धा लिटर डिझेल जाळते. अर्ध्या लिटरमध्ये साधारण १८ मेगाज्यूल, म्हणजे ५ किलोवॉट. त्यातला तिसरा हिस्सा पाण्यात गेला असं धरलं तर दीड-पावणेदोन किलोवॉट. म्हणजे हॉस्टेलवर आपण चोरून बादलीत टाकतो तो रॉड! त्या एका रॉडवर दीडशे किलो लोखंड, वर पाणी, वर ऑइल तापवायचं. बाहेर कडाक्याची थंडी असेल आणि आतला हीटर चालू असेल, तर रॉड देतो त्यापेक्षा जास्त उष्णता निघून जाते. अशी गाडी तासभर उभी ठेवली तरी काटा मधोमध येत नाही.

पण गोष्ट १८९७ मध्ये राहिली. चाचणीनंतर डिझेल रातोरात प्रसिद्ध झाला. देशोदेशीचे कारखानदार परवान्यासाठी रांगेत उभे राहिले. अमेरिकेचे हक्क बिअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. कधीकाळी भागत नाही म्हणून घराबाहेर पाठवलेला मुलगा चाळिशीत कोट्यधीश झाला. म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधला.

माझ्या मते चूक झाली ती इथे. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारं इंजिन आणि कारखान्यात रोज दहा तास चालणारं इंजिन यांत फार अंतर असतं. केंप्टन गावच्या आगपेट्यांच्या कारखान्यात १८९८ मध्ये पहिलं व्यापारी इंजिन बसलं आणि तक्रारी सुरू झाल्या. व्हॉल्व्ह, पंप, कॉम्प्रेसर, रोज नवं दुखणं. त्या काळी इंधन दाबाच्या हवेने आत फुंकायचे, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा आणि तोच जास्त त्रास द्यायचा. डिझेलने स्वतः काढलेली कंपनी बुडाली. पेटंटवरून भांडणं झाली, जमिनीत आणि तेलाच्या विहिरींत घातलेला पैसा गेला, आणि मनावरचा ताण इतका वाढला की त्याला उपचारांसाठी जाऊन राहावं लागलं. इंजिन अजून थंड होतं, आणि बाजाराने ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबला होता.

इंजिन मात्र हळूहळू तापत होतं. ऑग्सबर्गच्या इंजिनिअरांनी एकेक दोष काढला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. तिथे ऑटो कंपनीचं एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं आणि बघणाऱ्यांना फरक कळलाही नाही. बायोडिझेलवर सेमिनार घेणाऱ्यांनी ही माहिती पहिल्या स्लाइडवर टाकायला हरकत नाही. १९१२ मध्ये कोपनहेगनच्या कारखान्यातून सेलँडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज थेट बँकॉकला निघालं. एकेक करून पाणबुड्या, जहाजं, वीजघरं या इंजिनावर येऊ लागली. पण शोध लावणारा माणूस आतून संपत आला होता. वरून बंगला, आत कर्ज.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसला. इंग्लंडला जायचं होतं, कंपनीची बैठक होती. सहप्रवाशांबरोबर जेवण झालं, गप्पा झाल्या. सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून तो दहाच्या सुमारास केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणाला हात लागलेला नव्हता. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि ओव्हरकोट नीट घडी करून ठेवलेला सापडला. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक देह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो देह समुद्रालाच परत दिला गेला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत हे मुलगा ऑयगेन याने ओळखलं. खून झाला, हेरांनी पळवला, अशा कितीतरी कथा पुढे निघाल्या. बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात. ऑयगेनने पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं. डिझेल गेला तेव्हा ५५ वर्षांचा होता.

त्याचं नाव ज्या मोटारींवर गेली कित्येक वर्षं लिहिलं जातंय, त्या मोटारींची बाजारपेठ त्याने पाहिलीच नाही. मोटारीत कॉम्प्रेसर कसा बसवणार? रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ मध्ये इंधनाचा पंप मोठ्या संख्येने बनू लागला, तेव्हा कुठे छोट्या इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची २६० डी आली, ४५ अश्वशक्तीची. तिथून पुढे डिझेल गाडी आणि थंडी यांचं खरं भांडण सुरू झालं.

हे भांडण आकड्यांत बघू. कॉम्प्रेशन रेशो १८ आणि घातांक १.३ धरा. आपल्याकडे सकाळी ३० अंश असेल तर दाबलेली हवा साधारण ४५० अंशांवर जाते. डिझेलला आपोआप पेटायला अडीचशेच्या आसपास पुरतात, त्यामुळे अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू. आता बाहेर उणे २० धरा. तीच हवा दाबल्यावर ३३० अंशांपर्यंतच पोहोचते. म्हणजे बाहेर फरक ५० अंशांचा, आत तो झाला १२० अंशांचा! त्यात भिंती गार, त्या उष्णता शोषतात. ऑइल घट्ट, बॅटरी अशक्त, म्हणून स्टार्टर सावकाश फिरतो आणि दाबलेल्या हवेला रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो. प्रत्यक्षात तापमान आणखी खाली येतं. न पेटलेलं इंधन पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. म्हणूनच ग्लो प्लग लागतो. माझ्या मामांच्या जुन्या जीपला आम्ही त्याला हीटर म्हणायचो. दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच चावी मारायची असा मामांचा कडक नियम होता.

सुरू झाल्यावर तापण्याचंही तसंच. ३० वरून ९० ला जायला ६० अंश चढायचे, उणे २० वरून ११० अंश. जवळजवळ दुप्पट उष्णता हवी, आणि वाटेत थंड वारा ती हिसकावून नेतो. आपल्या कोकणात हा प्रश्नच येत नाही. नाशिकच्या डिसेंबरात थोडा येतो. लेहला मात्र तो पूर्ण ताकदीने येतो, कारण तिथे हवेचा दाबही समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. साधं डिझेल तर तिथे मेणासारखं गोठतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. थंड देशांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत पाणी तापवायला वेगळा हीटर बसवतात, कारण इंजिन पुरेशी उष्णता वाया घालवतच नाही.

मग तापवायचं कसं? यावर जाणकारांचं उत्तर सोपं आहे. तासभर उभं ठेवून नाही, आणि रेस मारून तर अजिबात नाही. सुरू करा, ऑइल वर चढायला अर्धा-एक मिनिट द्या, आणि हळू चालवायला लागा. काम करता करताच ते तापतं.

मला वाटतं, डिझेलच्या इंजिनाला हवं होतं तेच डिझेललाही हवं होतं. १८९७ नंतर त्याला चार-पाच वर्षं शांतपणे, कमी वेगात काम करू दिलं असतं, त्याने स्वतःही ते करू दिलं असतं, तर काय झालं असतं कोण जाणे. आज मोठ्या जहाजांची डिझेल इंजिनं पन्नास टक्क्यांच्या पुढे कार्यक्षमता देतात. त्याचं सत्तरचं स्वप्न वेडगळ नव्हतं, फक्त फार लवकर पाहिलं गेलं होतं.

तेव्हा मित्रांनो, कॅम्पस इंटरव्ह्यूच्या पहिल्याच दिवशी मित्राचं झालं आणि आपलं राहिलं, तर लगेच काट्याकडे बघत बसू नका. काही इंजिनं उशिरा तापतात. पण त्यांच्या टाकीतलं थेंबन् थेंब कामाला लागतं, आणि लांबच्या घाटात शेवटी तीच वर चढतात.